एका सायकलीचा कर्ता आणि काळ

आमच्या तालुक्याच्या गावी ज्या शाळेत माझ्या वडिलांनी तीसहून अधिक वर्षे शिकवले, त्या शाळेने जुन्या वस्तूंचे एक दालन करावयाचे ठरवले आहे. पितळी घंटा, पृथ्वीचा गोल आणि पहिल्या मुख्याध्यापकांची खुर्ची यांच्याबरोबर वडिलांची सायकलही तेथे असावी, असे समितीच्या चिटणीसांनी मला पत्राने कळवले. पत्रासोबत फलकाचा मजकूर होता: ‘इंग्लंडमध्ये तयार झालेली रॅले सायकल, १९३९. १९४२ च्या चळवळीत भूमिगतांच्या चिठ्ठ्या पोहोचवण्यासाठी वापरलेली.’ तो एकदा नजरेखालून घालावा, अशी विनंती होती. हा मजकूर त्यांनी कोठून घेतला, हे विचारण्याची गरज नव्हती. तो माझाच होता. १९८९ साली वडील गेले. पुढच्या वर्षी मी त्यांच्यावर एक लेख लिहिला आणि त्यात ही विधाने जवळजवळ याच शब्दांत आली आहेत.

माझे आयुष्य पोथ्यांच्या पाठचिकित्सेत गेले. कोणती ओवी मूळची, कोणती मागाहून शिरलेली, कोणता अभंग कोणाचा आणि कोणत्या शतकातला, हे ठरवण्याचा व्यवसाय मी चाळीस वर्षे केला. दुसऱ्यांच्या संपादनांत न तपासलेले एखादे विधान सापडले की माझी लेखणी तीक्ष्ण होत असे. तिच्यामुळे दुखावलेली काही माणसे आजही आहेत. अशा माणसाने स्वतःच्या वडिलांच्या सायकलीविषयी निःशंकपणे छापले आणि ते छापताना सायकलीकडे एकदाही वाकून पाहिले नाही. ती पडवीत, हाताच्या अंतरावर उभी होती.

चिटणीसांचे पत्र आल्यावर मी प्रथमच वाकून पाहिले. सोबतीला गावातला एक वृद्ध सायकल-कारागीर होता. त्याने आयुष्यभर ओव्हरहॉलिंग केलेले, त्यामुळे आपण जिला सायकल म्हणतो ती त्याच्या लेखी सुट्या भागांची तात्पुरती बैठक असते. हे मत तत्त्वज्ञानाच्या एका मोठ्या परंपरेशी जुळते, हे त्याला ठाऊक नव्हते. त्याकडे मी पुढे येईन.

जुन्या सायकलीचा काळ ठरवण्याची रीत पोथीचा काळ ठरवण्याच्या रीतीहून फारशी वेगळी नाही. दोन्हींत प्रथम पूर्वमर्यादा शोधावयाची. समान चाकांची आणि साखळीने मागचे चाक फिरवणारी सायकल जॉन केंप स्टार्ले याने कॉव्हेंट्री येथे १८८५ साली ‘रोव्हर’ या नावाने आणली; हवेचा टायर डनलॉपने १८८८ साली. तेव्हा मुळातच हवेच्या टायरसाठी घडवलेली सायकल १८८८ पूर्वीची असू शकत नाही. हे सोपे झाले. अवघड भाग पुढचा आहे, कारण विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात रोडस्टर सायकलीचे जे रूप ठरले ते पुढे पन्नास-साठ वर्षे फारसे बदललेच नाही. काळा रंग, २८ इंची चाके, सळईचे ब्रेक, चामड्याची सीट. १९१२ ची आणि १९५२ ची सायकल शेजारी उभी केली तर अनभ्यस्त डोळ्याला त्या सख्ख्या बहिणी वाटतील. आपल्याकडील संतवाङ्मयाच्या अभ्यासकाला ही अडचण परिचित आहे. जेथे शैली शतकानुशतके स्थिर राहते तेथे शैलीवरून काळ काढता येत नाही. बारीकसारीक, जवळजवळ क्षुद्र अशा खुणांकडे वळावे लागते. आट्यांची संख्या, फ्रेमवरील क्रमांकाची जागा, हबवरचा ठसा, बिल्ल्याच्या रिव्हेटांमधले अंतर.

आम्ही बिल्ल्यापासून सुरुवात केली. हँडलखालच्या उभ्या नळीवर रॅले कंपनीचा बगळ्याचा पितळी बिल्ला होता. लहानपणी मी त्याच्यावरून बोट फिरवीत असे, आणि सायकल रॅले असल्याचा एवढा एकच पुरावा आमच्या घरात होता. कारागिराने तो हलक्या हाताने काढला. खाली त्या बिल्ल्याची दोन छिद्रे होतीच. शिवाय आणखी दोन होती, वेगळ्या अंतरावर, कशाने तरी बुजवून वर रंग दिलेली. या नळीवर पूर्वी दुसरा बिल्ला होता. बगळा मागाहून येऊन बसला होता.

मग पॅडलचे क्रँक घासून पाहिले. त्यांच्यावर तीन बंदुका एकमेकींना टेकवून उभ्या केल्याची खूण निघाली. ही बर्मिंगहॅमच्या बी.एस.ए. कंपनीची मुद्रा. नावातच बंदुका असलेली ही कंपनी १८६१ साली शस्त्रांसाठी स्थापन झाली आणि पुढे सायकलींकडे वळली. तेव्हा सायकल बी.एस.ए.ची म्हणावी काय? येथे नवशिका हमखास फसतो. बी.एस.ए. संपूर्ण सायकली बनवीत असे, तसेच सायकलीचे सुटे भागही इतरांना विकत असे; ते भाग घेऊन लहानमोठे कारागीर आपापल्या नावाच्या सायकली जोडीत. त्यामुळे तीन बंदुकांची खूण त्या भागाचा कर्ता सांगते, सायकलीचा सांगत नाही. एखाद्या हस्तलिखितात अमुक कवीची ओवी सापडली म्हणून ग्रंथ त्या कवीचा ठरत नाही, तसेच हे.

निर्णायक पुरावा पॅडलांच्या आसाच्या घरात, म्हणजे बॉटम ब्रॅकेटमध्ये मिळाला. नॉटिंगहॅमच्या रॅले कंपनीने आपल्या नेहमीच्या रोडस्टरसाठी तेथे इंचाला २६ आट्यांचे स्वतःचे माप ठेवले होते. इतरांचे सर्वसाधारण माप २४ चे. कारागिराने आटे मोजण्याची पट्टी लावली. २४ होते. बिल्ला बदलता येतो, चाक बदलता येते, रंग तर दर दिवाळीला बदलता येतो. पण आतल्या बाजूस पाडलेले आटे मिरवण्यासाठी कोणी बदलत नाही. ते कोणाला दाखवण्यासाठी केलेलेच नसतात. पाठचिकित्सेत आम्ही लेखकाच्या अलंकारांपेक्षा त्याच्या नकळत झालेल्या सवयींवर अधिक विश्वास ठेवतो, त्याचे कारण हेच आहे.

राहिले मागचे चाक. त्याच्या हबवरची माती आणि ग्रीस निघाल्यावर स्टर्मे-आर्चर हे नाव दिसले, त्याखाली नमुन्याची अक्षरे आणि त्यांच्याजवळ ५३ आणि ९ हे आकडे. स्टर्मे-आर्चरचे तीन गिअरांचे हब ज्यांच्या हातून गेले आहेत त्यांना ही भाषा कळते: वर्ष १९५३, महिना सप्टेंबर. सायकलीच्या जगात इतकी उघड सनावळी क्वचितच मिळते. गंमत अशी की स्टर्मे-आर्चर ही रॅलेच्याच परिवारातली कंपनी. म्हणजे या सायकलीत रॅलेच्या घराण्याचे खरोखर काही असेल तर ते एवढेच. आणि ते १९४२ नंतर अकरा वर्षांनी तयार झालेले.

या हबने माझ्या एका आठवणीचाही निकाल लावला. वडील शाळेच्या चढावर पॅडलवर उभे राहून, अंग वाकवून सायकल चालवीत, आणि विलायती सायकल जड असते असे मला सांगितले गेले होते. माझ्या लेखात त्या चढावर एक परिच्छेद आहे; वाचकांना तो आवडला होता. गिअर बदलणारी तार या हबला जोडलेली नव्हतीच. तारेविना हा हब तिसऱ्या, म्हणजे सर्वांत जड गिअरवर राहतो. ज्याला मी वडिलांच्या जीवनसंघर्षाचे प्रतीक केले होते ती एक न जोडलेली तार होती. तरीही त्यांनी चढ चढला होता हे खरेच, असे मी स्वतःला सांगून पाहिले. पण तो परिच्छेद मला पुन्हा वाचवला नाही.

आता तत्त्वज्ञानाकडे. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला विचारतो की तू रथातून आलास, तर रथ कोणता ते दाखव. आस हा रथ काय? चाके? दांडी? राजा एकेकाला नाही म्हणत जातो आणि अखेर मान्य करतो की ‘रथ’ हे या सर्वांच्या आश्रयाने चाललेले एक नाव आहे. ग्रीकांकडे हाच प्रश्न थीसियसच्या जहाजाच्या रूपाने आला. एकेक फळी बदलत सर्व फळ्या नव्या झाल्या, तर जहाज तेच काय? सतराव्या शतकात हॉब्जने त्याला आणखी एक पीळ दिला: काढलेल्या जुन्या फळ्या कोणी जपून ठेवल्या आणि त्यांचे दुसरे जहाज बांधले, तर दोहोंतले मूळ कोणते? ग्रंथांत हे कोडे शोभेचे वाटते, पण सायकलीच्या दुकानात ते रोज घडते. आज आपल्या सायकलीची उतरवलेली चाके उद्या दुसऱ्याच्या फ्रेमला बसतात, आणि दोघेही आपापली सायकल तीच आहे असे म्हणत घरी जातात.

मी कारागिराला विचारले, तीच सायकल केव्हा म्हणायची? तो म्हणाला, “फ्रेम तीच तर सायकल तीच.” पोलीसचौकीतही चोरीची सायकल फ्रेमच्या क्रमांकावरून ओळखतात. व्यवहाराला हे पुरते. परंतु फ्रेमलाच हा मान का? तिच्यावर क्रमांक आहे म्हणून. आपल्या काव्यात हेच काम नाममुद्रेने केले: शेवटच्या चरणात ‘नामा म्हणे’, ‘तुका म्हणे’. नाममुद्रा म्हणजे अभंगाचा फ्रेम-क्रमांक. आणि जिच्यावर ओळख टेकलेली असते तिचीच नक्कल होते. नामदेवांच्या छापील गाथ्यांत कित्येक शतकांनंतरच्या विष्णुदास नामा या कवीच्या रचना मिसळल्या आहेत, हे आता अभ्यासकांना मान्य आहे. दोघेही ‘नामा’च. येथे कोणी फसवले असेही म्हणता येत नाही; मुद्रा सारखी पडली आणि मागून येणाऱ्यांनी थोराच्या खाती जमा केले.

यावरून एक जुना प्रसंग आठवतो. एका चर्चासत्रात मी एक लोकप्रिय अभंग असाच नामदेवांच्या खात्यातून काढून विष्णुदासाच्या खाती लावला. मागच्या रांगेत एक वृद्ध वारकरी बसले होते. त्यांनी उठून विचारले, “मग मी इतकी वर्षं कुणाचा अभंग म्हणत होतो?” मी विद्वत्तेला शोभेल असे उत्तर दिले: भाव तुमचा आहे, तो कोणी काढून घेत नाही, प्रश्न केवळ कर्तृत्वाचा आहे. ते खाली बसले. उत्तर पटल्यामुळे बसले की माणसे मोठ्या सभेत बसतात तसे बसले, याचा विचार मी तेव्हा केला नाही. २४ आटे मोजून झाल्यावर केला.

प्राचीनत्वाची आणि थोर कर्त्याची ओढ एका घराची किंवा एका पंथाची नसते. सायकलीच्या इतिहासाइतकी ती दुसरीकडे क्वचितच उघडी पडली असेल. दोन चाकांवर स्वार होऊन जाण्याचे यंत्र जर्मनीत कार्ल द्राइस याने केले आणि १२ जून १८१७ रोजी मानहाइमहून ते चालवून दाखवले. याला भक्कम पुरावा आहे. पण १८९१ साली लुई बोद्री द सोनिये या फ्रेंच लेखकाने सिव्हराक नावाच्या उमरावाने १७९१ मध्येच असे यंत्र केले होते, असे लिहिले. पुढे कित्येक दशके हे पुस्तकांतून गिरवले गेले. अखेर कळले की त्या नावाचे जे वाहन होते ती घोडागाडी होती. स्कॉटलंडने आपला कर्कपॅट्रिक मॅकमिलन उभा केला. १८३९ मध्ये त्याने पॅडलची सायकल केली असा दावा, पण तो मांडला गेला १८९० च्या दशकात, त्याच्या नातलगाकडून. समकालीन आधार म्हणजे १८४२ सालची ग्लासगोच्या वृत्तपत्रातली एक बातमी. डम्फ्रीसशायरकडून आलेल्या एका गृहस्थाने वाहन अंगावर घातल्याने एक मूल पडले आणि त्याला दंड झाला. गृहस्थाचे नाव तीत नाही. मॅकमिलनची म्हणून दाखवली गेलेली यंत्रे तर टॉमस मॅकॉल या किल्मार्नकच्या कारागिराच्या हातची, मागाहूनची. इटलीत १९७४ साली लिओनार्दोच्या संग्रहातील एका पानामागे साखळीसह सायकलीचे रेखाटन असल्याचे ऑगुस्तो मारिनोनी यांनी जाहीर केले. त्या संग्रहाचे जीर्णोद्धाराचे काम त्याआधी, १९६० च्या दशकात, झाले होते. आणि कार्लो पेद्रेत्ती यांनी त्याहीपूर्वी ते पान उजेडापुढे धरून पाहिले तेव्हा त्यांना वर्तुळे आणि काही रेषाच दिसल्या होत्या. १९९७ साली हान्स-एर्हार्ड लेसिंग यांनी हे रेखाटन बनावट असल्याचे सविस्तर मांडले.

या तीनही प्रकरणांत मला मॅकमिलनचे सर्वांत विचारात पाडते. सिव्हराक शोधून काढलेला माणूस; मॅकमिलन खराखुरा लोहार होता, त्याने काही यंत्र केलेही असेल. त्याच्या नातलगाने खोटे सांगितले असे म्हणण्यास आधार नाही. त्याने ऐकलेले सांगितले, मग बातमी शोधली, मग बातमीतल्या निनावी गृहस्थाला नाव दिले, आणि यंत्र नव्हते म्हणून दुसऱ्याचे यंत्र त्याच्या शेजारी येऊन उभे राहिले. प्रत्येक पायरी लहान आहे. यांतल्या कोणत्या पायरीवर प्रेमाचे असत्यात रूपांतर झाले ते बोट ठेवून दाखवता येत नाही. माझ्या लेखाची वाट याहून निराळी नव्हती.

‘कर्ता’ या शब्दाबद्दलही आपण वाजवीपेक्षा निश्चिंत असतो. १९३२ मध्ये रॅलेने हंबर सायकलींचा व्यवसाय घेतला, १९४३ मध्ये रज्-व्हिटवर्थचा, १९५७ मध्ये खुद्द बी.एस.ए.चा. त्यानंतर या नावांचे बिल्ले लावलेल्या सायकली रॅलेच्या छत्राखालीच निघत. आपल्याकडे १९४९ साली मद्रासला टी.आय. सायकल्स आणि पाठोपाठ आसनसोलला सेन-रॅले हे कारखाने उभे राहिले. इंग्लंडची नावे भारतीय हातांनी घडू लागली. वरळीच्या हिंद सायकल्स आणि सेन-रॅले या दोन आजारी कंपन्यांचे १९८० मध्ये एकाच कायद्याने राष्ट्रीयीकरण झाले, तेव्हा देशी नाव आणि विलायती नाव एका कलमाखाली आले. आसनसोलला घडलेली रॅले ही रॅले नव्हे काय? माझ्या वडिलांनी, किंवा ज्याने कोणी बिल्ला बदलला त्याने, बी.एस.ए.च्या क्रँकवर बगळा बसवला. नॉटिंगहॅमच्या संचालकांनी १९५७ मध्ये तेच मोठ्या प्रमाणावर, कागदोपत्री केले. ही पळवाट मला क्षणभर फार आवडली. पण दोहोंत एक फरक आहे. कंपनीने बिल्ला विकत घेतलेल्या हक्काने लावला. आमच्या बगळ्याने पाहणाऱ्याला जे सांगावयाचे ठरवले होते, ते घडलेले नव्हते.

हिशेब मांडला तर असा होता. फ्रेम रॅलेची नाही. पूर्वी तिच्यावर दुसऱ्या कोणाचा बिल्ला होता. कोणाचा, ते गेले. मागचे चाक १९५३ च्या शेवटाआधी बसलेले असू शकत नाही. फ्रेमचा काळ? काळ्या रंगाखाली एका ठिकाणी गडद हिरवा थर निघाला. युद्धानंतर लष्कराच्या निकामी सायकली बाजारात आल्या होत्या. हा हिरवा तो असला तर फ्रेम १९४५ नंतर घरात आली आणि १९४२ ची सारी कथा कोसळली. पण हिरव्या सायकली दुकानांतूनही विकल्या जात. अधिक खरवडले असते तर अधिक कळले असते कदाचित. पण खरवडताना जे जाते ते परत येत नाही. चिटणीसांनी सायकल देण्यापूर्वी ‘नवीकोरी रंगवून’ द्यावी असेही सुचवले होते. ते केले असते तर सारेच प्रश्न मिटले असते.

वडिलांच्या ट्रंकेत नगरपालिकेचा सायकल-कराचा एक पितळी बिल्ला मिळाला. वर्ष १९४१-४२ आणि एक क्रमांक. यावरून एवढे सिद्ध होते की त्या वर्षी त्यांच्या नावे कर भरलेली एक सायकल होती. हीच, असे सिद्ध होत नाही.

मग आत्याकडे गेलो. वडिलांची धाकटी बहीण, नव्वदी ओलांडलेली. १९४२ मध्ये दहा वर्षांची होती. न्यायदर्शनाने शब्द हे स्वतंत्र प्रमाण मानले, विश्वसनीय माणसाचे सांगणे अनुमानात कोंबले नाही, हे मी वर्गात कितीदा तरी शिकवले होते. साक्षीदाराच्या तोंडी उत्तर घालू नये म्हणून मी बिल्ल्याविषयी काहीच बोललो नाही. एवढेच विचारले, “आत्या, दादांच्या सायकलीवर काही खूण होती का गं?”

“होती की. पॅडलापाशी तिकाटणं होतं. तीन काठ्यांचं. आम्ही त्याच्यावर हंडी टांगायचा खेळ करायचो.”

“आणि पुढे? हँडलखाली?”

“पक्षी होय? तो नंतरचा. तुझ्या जन्माच्या आगेमागे लावला त्यानं. हेडमास्तरांच्या सायकलीला होता.” मग थोडे थांबून म्हणाली, “तेव्हा सगळ्यांना ठाऊक होतं. तुला नव्हतं?”

मला नव्हते. माझा जन्म १९५८ चा. मी बगळ्यासहच सायकल पाहिली.

चिठ्ठ्यांचे विचारले. दिवेलागणीनंतर दादा निघायचा, कागदाची सुरळी हँडलच्या मुठीत घालायचा, आई दाराशी उभी राहायची, हे तिने सांगितले. साताऱ्याकडे पुढे प्रतिसरकार उभे राहिले, त्याच्या आधीचे हे दिवस. घरी येऊन मी मूठ काढून पाहिली, हे कबूल केले पाहिजे. आत गंज होता.

आत्याच्या साक्षीने काय साधले? तिकाटणे ती आपणहून बोलली. तिच्या आठवणीतल्या सायकलीवर बी.एस.ए.चे क्रँक होते, आणि पडवीतल्या सायकलीवर आहेत. ‘तीच ही’ अशा ओळखीला आपल्या दर्शनकारांनी प्रत्यभिज्ञा म्हटले आणि तिच्या बळावर वस्तूचे टिकणे सिद्ध करावयाचा प्रयत्न केला. बौद्धांनी दिव्याची ज्योत आणि कापून पुन्हा वाढलेली नखे पुढे केली: तीच वाटतात, तीच नसतात. आणि त्या काळी असे क्रँक कितीतरी सायकलींवर होते. तरीही ओढूनताणून शंका घेत राहणे हीसुद्धा एक प्रकारची सोय असते, हे मला या वयात कळू लागले आहे. सायकल बहुधा तीच आहे. बहुधा.

वडिलांनी बगळा का लावला, याचा मी पुष्कळ विचार केला. शाळेत तेच एक असे शिक्षक असतील की ज्यांच्या सायकलीला नाव नव्हते. की दुकानदाराने हौसेने लावून दिला? त्यांनी स्वतः कधी “ही इंग्लंडची रॅले आहे” असे म्हटल्याचे मला आठवत नाही. ते बिल्ला पुशीत, एवढेच आठवते. वाक्य माझे आहे, आणि वर्षही. १९३९ हा आकडा मी त्यांच्या नोकरीच्या पहिल्या वर्षावरून काढला होता. पहिल्या पगारात सायकल घेतली असणार, असे मला वाटले आणि ‘असणार’ हा शब्द छापताना गळला.

चिटणीसांना मी दूरध्वनीवर हे सारे सांगितले. सज्जन गृहस्थ आहेत. त्यांनी शांतपणे ऐकले आणि विचारले, “सर, पण मुलांना यातून प्रेरणा मिळते. रॅले लिहिलं तर कुणाचं काय बिघडतं?” प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. बगळ्यामुळे कोणाची फसवणूक होऊन कोणी दरिद्री झाले नाही. पण फलकाच्या दुसऱ्या वाक्याचा भार पहिल्यावर आहे. उद्या एखादा चौकस मुलगा क्रँकवरच्या तीन बंदुका पाहील, पहिले वाक्य खोटे ठरवील, आणि त्या झटक्यात आईने दाराशी उभे राहणेही खोटे ठरेल. रात्री चिठ्ठी घेऊन निघालेल्या चोवीस वर्षांच्या शिक्षकाला बगळ्याच्या आधाराने उभे करण्याची वेळ मी आणली होती. त्याला तो आधार नको होता. तेव्हा त्याच्या सायकलीवर बगळा नव्हताच.

भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना वि. सी. सुकथनकरांनी व्यासांचे मूळ मिळवून देण्याचा दावा केला नाही. हस्तलिखितांच्या आधारे जेथवर मागे जाता येते तेथवर जाणे, एवढेच त्यांनी पत्करले. १९१९ मध्ये हाती घेतलेले ते काम १९६६ मध्ये पुरे झाले. त्या आवृत्तीत जेथे पाठ निश्चित नाही तेथे अक्षरांखाली नागमोडी रेघ छापलेली असते. मोठमोठ्या प्रस्तावनांपेक्षा ती रेघ मला नेहमी अधिक शिकवीत आली आहे.

मी नवा मजकूर केला. ‘सायकल. फ्रेमचा कर्ता अज्ञात; क्रँक बी.एस.ए., बर्मिंगहॅम, मागचा हब स्टर्मे-आर्चर, नॉटिंगहॅम, सप्टेंबर १९५३, पुढील बिल्ला रॅले कंपनीचा, सुमारे १९५८ मध्ये लावलेला. १९४२ मध्ये भूमिगतांच्या चिठ्ठ्या पोहोचवण्यासाठी हीच सायकल वापरली, असे कुटुंबीयांच्या आठवणीवरून.’ ‘सुमारे १९५८’ आणि ‘हीच’ या शब्दांखाली नागमोडी रेघ काढली. बिल्ला पुन्हा त्याच्या छिद्रांवर बसवला, आणि जुनी छिद्रे दिसतील इतका रंग तसाच ठेवला. लेखातल्या चुकीची दुरुस्ती करणारे पत्र संपादकांकडे वेगळे पाठवले आहे. त्या वारकऱ्यांचा पत्ता मात्र माझ्याजवळ नाही.

गेल्या आठवड्यात शाळेकडून फलकाचा मुद्रित नमुना आला. मजकूर अक्षरशः उतरवला आहे, फक्त रेघा नाहीत. मुख्याध्यापिकाबाईंना फोन केला तेव्हा कळले की संगणकावर शब्दाखाली नागमोडी रेघ दिसली की ती शुद्धलेखनाची चूक असते, म्हणून लिपिकाने त्या काळजीपूर्वक काढून टाकल्या. मी नमुन्यावर लाल शाईने त्या पुन्हा काढून परत धाडल्या आहेत.